टीव्ही रेकॉर्ड करायचं वेड लागलेला पहिला माणूस : जॉन लोगी बेअर्ड आणि माझा दिवाणखान्यातला पीसी



गेल्या आषाढात माझ्यावर एक जबाबदारी येऊन पडली. आईच्या भजनी मंडळाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम फ्री डिशवर दिसणाऱ्या एका मराठी वाहिनीवर लागणार होता. एकदाच. तो जपून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मोबाईल टीव्हीसमोर धरून शूटिंग करू, असं धाकट्या भावाचं म्हणणं होतं. मला ते पटेना, आणि त्याला कारण आहे.

ऐंशीच्या दशकात निफाडकडचे माझे आजोबा दूरदर्शनवर शेतीच्या एका कार्यक्रमात द्राक्षबागेबद्दल चार-पाच मिनिटं बोलले होते. अख्खी आळी एका घरात टीव्हीपुढे जमली होती म्हणे. पण व्हीसीआर कुणाकडेच नव्हता. आजोबा गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. त्यांचा आवाज कसा होता हे मला आजही फक्त सांगोवांगी माहीत आहे. तीच चूक दुसऱ्यांदा करायची नव्हती.

म्हणून कपाटावरचा जुना डेस्कटॉप खाली काढला आणि त्याचा होम थिएटर पीसी करायचा ठरवलं. म्हणजे टीव्हीला एचडीएमआयने जोडलेला असा कॉम्प्युटर, जो छत्रीवरून येणारं चालू प्रक्षेपण दाखवेल आणि वेळ लावून ठेवली की आपोआप रेकॉर्डही करेल. हे जुळवत असताना डोक्यात एक प्रश्न आला. चालू टीव्ही साठवून ठेवायची कल्पना पहिल्यांदा कुणी खरी करून पाहिली असेल? मला वाटलं होतं, व्हीसीआरच्या काळात कुणीतरी. उत्तर निघालं १९२७ सालचं. ज्याने लंडनमध्ये पहिल्यांदा टीव्ही चालवून दाखवला, त्याच माणसाने तो रेकॉर्डही करून ठेवला होता. फक्त ते रेकॉर्डिंग त्याला स्वतःला नीट बघता आलं नाही. त्याची गोष्ट वाचल्यावर मी माझ्या पीसीच्या दोन-तीन सेटिंग्ज बदलल्या. म्हणून आज आधी त्याची गोष्ट सांगतो, मग सेटिंग्ज.

पाद्र्याचा उद्योगी मुलगा

जॉन लोगी बेअर्डचा जन्म ऑगस्ट १८८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या हेलेन्सबरा या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील चर्चमध्ये पाद्री. चार भावंडांत हा शेंडेफळ, आणि तब्येतीने पहिल्यापासून किरकिरा. सर्दी-खोकल्याने त्याची जन्मभर पाठ सोडली नाही. पण हात स्वस्थ बसायचे नाहीत. लहानपणीच त्याने आपल्या खोलीतून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून छोटं टेलिफोन एक्सचेंज उभारलं होतं. घरात विजेचे दिवेही त्यानेच लावले.

ग्लासगोत तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकला. पहिल्या महायुद्धात सैन्याने त्याला तब्येतीमुळे नाकारलं, तेव्हा तो एका वीज कंपनीत लागला. तिथे या पठ्ठ्याने कार्बनमधून जबरदस्त करंट सोडून हिरे बनवायचा प्रयोग केला. हिरे काही झाले नाहीत, आसपासची वीज मात्र गेली! नोकरी सोडल्यावर पाय कोरडे ठेवणारे मोजे विकले, त्यात बरे पैसे मिळाले. मग वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला जाऊन जॅमचा कारखाना काढला, त्यात किडे-मुंग्यांचाच जास्त फायदा झाला. लंडनला परतून साबण विकला. प्रत्येक धंद्यात मध्येच तब्येत बिघडायची आणि धंदा सोडावा लागायचा.

१९२३ साली तो हवापालटासाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्जला आला. वय ३४, हातात नोकरी नाही, खिशात फारसं काही नाही. आणि डोक्यात एकच गोष्ट : चित्र तारेतून पाठवायचं.

बिस्किटाचा डबा आणि भोकं पाडलेली चकती

कल्पना त्याची नव्हती. पॉल निपकॉव्ह नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८८४ मध्येच एका चकतीचं पेटंट घेतलं होतं. चकतीवर गोगलगायीच्या शंखासारख्या वळणात भोकं पाडायची. चकती फिरली की प्रत्येक भोक चित्रावरून एक रेघ ओढत जातं, शेवटचं भोक गेलं की सगळं चित्र रेघारेघांनी वाचून होतं. मागे प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारा सेल ठेवायचा. पलीकडे तशीच चकती, त्याच वेगाने फिरणारी, आणि तिच्यामागे विजेनुसार मिणमिणणारा दिवा. झाला टीव्ही. निपकॉव्हच्या काळात विजेचा बारीकसा सिग्नल मोठा करायची सोय नव्हती, म्हणून तो कागदावरच राहिला. बेअर्डच्या काळात रेडिओचे व्हॉल्व्ह आले होते.

त्याचं पहिलं यंत्र म्हणजे निव्वळ जुगाड. चहाचं खोकं, टोपीचा डबा, बिस्किटाचा डबा, स्वेटर रफू करायच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं आणि जोडायला लाख. यातून १९२४ मध्ये त्याने एका आकृतीची सावली खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पाठवली. त्याच वर्षी त्याला विजेचा जोरदार झटका बसला. तो वाचला, पण जागेच्या मालकाने गाशा गुंडाळायला सांगितलं.

मग लंडन. सोहो भागात फ्रिथ स्ट्रीटवर, २२ नंबरच्या घराचा माळा. पैशांसाठी १९२५ च्या वसंतात त्याने सेल्फ्रिजेस या बड्या दुकानात तीन आठवडे सावल्यांचं प्रात्यक्षिक केलं. खरं यश आलं २ ऑक्टोबर १९२५ ला. स्टुकी बिल नावाच्या बोलक्या बाहुल्याचा चेहरा त्याला पडद्यावर पहिल्यांदा उजेड-सावलीच्या छटांसह दिसला. माणसाचा चेहरा दिसेल का, म्हणून तो धावत खाली गेला आणि ऑफिसमधल्या विल्यम टेंटन या तरुणाला वर घेऊन आला. दिवे इतके तापलेले की तो बिचारा मागे सरकला आणि चित्र गायब! शेवटी अर्धा क्राउन हातावर ठेवून बेअर्डने त्याला दिव्यांसमोर बसवलं. (मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं तेही २ ऑक्टोबरलाच, १९७२ साली. योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.)

२६ जानेवारी १९२६ ला रॉयल इन्स्टिट्यूशनचे सुमारे ४० सदस्य तो अरुंद जिना चढून आले आणि त्यांनी थोडे थोडे करून हलता चेहरा पाहिला. बेअर्डचं नाव झालं. १९२७ मध्ये त्याने टेलिफोनच्या तारेवरून लंडनहून ग्लासगोला चित्र पाठवलं, ७०० किलोमीटरच्या वर. फेब्रुवारी १९२८ मध्ये रेडिओवरून थेट अटलांटिकपार, न्यूयॉर्कजवळ. त्याच वर्षी जुलैत रंगीत टीव्हीचं प्रात्यक्षिक!

तबकडीवर टीव्ही : फोनोव्हिजन

आता आपल्या विषयाचा भाग. बेअर्डच्या चित्रात फक्त ३० रेघा होत्या, त्याही उभ्या, आणि नेहमीच्या प्रक्षेपणात सेकंदाला साडेबारा चित्रं. चित्राचा आकार उभट, ३ ला ७ असा. म्हणजे एका चित्रात ढोबळ मानाने ३० गुणिले ७०, २,१०० ठिपके. सेकंदाला २६ हजारांच्या आसपास. विजेच्या एका लहरीत दोन ठिपके बसतात असं धरलं, तर सिग्नल जातो जेमतेम १३ किलोहर्ट्झपर्यंत. आपला कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. थोडक्यात, बेअर्डचं चित्र चक्क ऐकू यायचं! तुलनेसाठी, आजच्या फुल एचडीच्या एकाच चित्रात २० लाखांवर ठिपके असतात.

जे ऐकू येतं ते ग्रामोफोनच्या तबकडीवर कोरता येईल, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. १९२६ मध्येच त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२७-२८ मध्ये प्रत्यक्ष तबकड्या कोरल्या. या पद्धतीला त्याने नाव दिलं फोनोव्हिजन. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेणारी आणि तिच्या एका फेऱ्यात तीन चित्रं, म्हणजे सेकंदाला सुमारे चार. त्या काळच्या तबकडीवर तीव्र आवाज नीट उमटत नसत, म्हणून वेग असा कमी करावा लागला. लोकांनी गाण्यांच्या तबकड्यांसारख्या चित्रांच्या तबकड्या घरी आणून बघाव्यात, असा त्याचा विचार होता. आपण व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणायचो, त्याच्या पन्नासेक वर्षं आधी!

पण ते काही जमलं नाही. टीव्हीत वेळेला फार महत्त्व असतं. गाण्याची तबकडी किंचित डगमगली तर सूर थोडा हलतो, कान ते खपवून घेतो. चित्राचं तसं नाही. वेग जरा हलला की रेघा एकमेकींवरून घसरतात आणि चेहऱ्याचा चिखल होतो. कोरतानाच यंत्र थरथरत होतं, वर तबकडीची खरखर. बेअर्डने हा नाद सोडला. मोजक्या तबकड्या तेवढ्या कुठे कुठे पडून राहिल्या.

घरी केलेलं पहिलं रेकॉर्डिंग

बेअर्डचा टीव्ही मात्र पुढे जात राहिला. सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या ट्रान्समीटरवरून त्याची प्रायोगिक प्रक्षेपणं सुरू झाली. १९३० मध्ये घरगुती टेलिव्हायझर बाजारात आला. नोव्हेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कला असताना त्याने मार्गारेट अल्बू या पियानोवादक मुलीशी लग्न केलं. एप्रिल १९३३ मध्ये बीबीसीने 'लुकिंग इन' नावाचा नाच-गाण्यांचा कार्यक्रम याच ३० रेघांच्या पद्धतीने दाखवला.

तो कार्यक्रम कुणा हौशी प्रेक्षकाने घरच्या रेकॉर्डरवर अॅल्युमिनियमच्या तबकडीवर उतरवून घेतला. सुमारे चार मिनिटं. आपण आज पीसीवर करतो तेच, फक्त १९३३ साली. ती तबकडी पुन्हा हाती लागली १९९० च्या दशकात.

एक मिनिट उशिराचं 'लाइव्ह'

२ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टीव्ही सुरू केला. दोन पद्धतींची शर्यत लावली होती. एकीकडे बेअर्डच्या २४० रेघा, दुसरीकडे मार्कोनी-ईएमआयच्या ४०५ रेघा आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक कॅमेरा. बेअर्डच्या कंपनीची स्टुडिओतली एक मुख्य पद्धत अशी होती : आधी सिनेमाच्या फिल्मवर चित्रण करायचं, फिल्म तिथल्या तिथे धुवायची आणि ओली असतानाच तिच्यावरून प्रक्षेपण करायचं. चालू कार्यक्रम सुमारे एक मिनिट उशिराने दिसायचा. आज आपण लाइव्ह मॅच पॉज करून चहा आणायला जातो, तेव्हा पीसी हेच करतो. आधी साठवतो, मग दाखवतो. पण बेअर्डचा कॅमेरा फिल्म धुणाऱ्या टाक्यांना जखडलेला होता, जागचा हलू शकत नव्हता.

३० नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. बेअर्डच्या कंपनीच्या प्रयोगशाळा तिथेच होत्या. बरंच काही जळून गेलं. १९३७ च्या सुरुवातीला बीबीसीने निकाल दिला, बेअर्डची पद्धत बंद झाली. फिरत्या चकतीचा जमाना संपला होता. तिकडे अमेरिकेत फायलो फार्न्सवर्थने १९२७ मध्येच चकतीशिवाय, पूर्ण इलेक्ट्रॉनिक चित्र पाठवून दाखवलं होतं. म्हणून टीव्हीचा जनक एकटा बेअर्ड, असं म्हणणं बरोबर नाही.

माणूस मात्र थांबला नाही. युद्ध लागलं, टीव्ही बंद पडला, कंपनी बुडाली, तरी स्वतःच्या पैशांनी त्याचं काम चालूच राहिलं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्याने रंगीत चित्राची इलेक्ट्रॉनिक नळी करून दाखवली. हयातभर चकत्या फिरवणाऱ्या माणसाने शेवटी चकती टाकून दिली होती. बीबीसीचा टीव्ही ७ जून १९४६ ला पुन्हा सुरू झाला. आजारी बेअर्ड १४ जूनला बेक्सहिल या गावी गेला. वय ५७.

बघता न आलेलं चित्र

त्याच्या मागे यंत्रं सुधारत गेली. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने कामाचा पहिला व्हिडिओ टेप रेकॉर्डर दाखवला, सत्तरच्या दशकात बीटामॅक्स आणि व्हीएचएस आले. फोनोव्हिजनच्या तबकड्या कुणाच्याच कामाच्या नव्हत्या.

मग १९८० च्या दशकात डोनाल्ड मॅकलीन या स्कॉटिश इंजिनिअरने त्या तबकड्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेतला. खरखर कमी केली. यंत्र कुठे कसं डगमगलं याचा माग सिग्नलमध्येच होता, तो शोधून घसरलेली प्रत्येक रेघ जागेवर आणून बसवली. आणि चेहरे दिसले! सप्टेंबर १९२७ च्या तबकडीवर बाहुला स्टुकी बिल. मार्च १९२८ च्या तबकडीवर मिस पाउन्सफर्ड नावाच्या बाई, मान वळवताना, बोलताना. बेअर्डला स्वतःला जे नीट बघता आलं नाही, ते पन्नासेक वर्षांनी घरगुती कॉम्प्युटरच्या काळात लोकांनी पाहिलं.

हे वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो. बेअर्डची तबकडी वाईट होती, पण तिच्यावर आलेला सिग्नल होता तसा होता. कुणी तो 'सुधारून' ठेवला नव्हता. म्हणूनच तो पुढे सुधारता आला.

माझ्या पीसीवर मी काय बदललं

सामान साधं आहे. जुना आय-थ्री डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, यूएसबीवर चालणारा डीव्हीबी-एस२ ट्यूनर. ट्यूनर घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का, एवढं नक्की बघा. छत्रीवर दोन आउटपुटचा एलएनबी बसवला, म्हणजे एक केबल सेट टॉप बॉक्सला, एक पीसीला आणि दोघांचं भांडण नाही. उबंटूवर रेकॉर्डिंगसाठी टीव्हीहेडएंड आणि बघण्यासाठी कोडी, दोन्ही फुकट. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. स्कॅन केलं की विनाएन्क्रिप्शन वाहिन्या यादीत येतात.

आता बेअर्डमुळे बदललेल्या गोष्टी :

१. आलेला प्रवाह जसाच्या तसा ठेवा. मी आधी जागा वाचवण्यासाठी रेकॉर्ड करतानाच फाईल लहान करत होतो. ते बंद केलं. टीव्हीहेडएंडमध्ये 'पास' नावाचं प्रोफाइल आहे, ते निवडलं की छत्रीवरून आलेला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम तसाच टीएस फाईलमध्ये जातो. वाहिनीचा वेग ४ एमबीपीएस धरला तरी तासाला १.८ जीबी. १ टीबीत साडेपाचशे तास मावतात. मग कंजुषी कशाला?

२. वेळ सांभाळा. स्ट्रीममध्ये १८८ बाइटची पाकिटं असतात. प्रत्येकाची सुरुवात एका ठरलेल्या खुणेने होते, पाकिटांना क्रमांक असतात आणि अधूनमधून घड्याळाची वेळही येते. बेअर्डला जे हवं होतं आणि मिळालं नाही, ते हेच. आपलं काम एवढंच की पीसीचं घड्याळ इंटरनेटवरून जुळलेलं हवं आणि टाइमझोन बरोबर हवा. नाहीतर रेकॉर्डिंग साडेपाच तास इकडेतिकडे!

३. आगेमागे जागा सोडा. कार्यक्रम वेळेवर सुरू होईलच असं नाही. मी दोन्ही बाजूंना १० मिनिटं सोडली.

४. दोन प्रती ठेवा. मूळ फाईल वेगळ्या डिस्कवर. कापाकापी करायची ती दुसऱ्या प्रतीवर. आणि हे सगळं घरच्यांपुरतं बरं का, इंटरनेटवर चढवायचं नाही.

आणि त्या दिवशी

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पाऊस धो धो कोसळत होता. छत्रीचा सिग्नल आणि मुसळधार पाऊस यांचं वैर तुम्हाला माहीतच आहे. मध्येच लाइट गेली. पीसी यूपीएसवर होता म्हणून तगला, टीव्ही बंद पडला. आई अंधारात बसून राहिली आणि माझं लक्ष फक्त पीसीच्या हिरव्या दिव्याकडे.

लाइट आल्यावर फाईल उघडली. दुसऱ्या अभंगात नऊ सेकंद चित्राचे चौकोन चौकोन झालेले आणि आवाज तुटलेला. कोडी तिथे अडकत होता. भावाचं मत पडलं की तेवढा तुकडा कापून मूळ फाईल उडवून टाकू. मी एफएफएमपेगने प्रत काढून ती नीट चालेल अशी केली, मूळ मात्र तशीच ठेवली, पावसाच्या त्या नऊ सेकंदांसकट. आज ते चौकोन मला जुळवता येत नाहीत. जे पोचलंच नाही ते परत कसं येणार? पण त्यात जे थोडंफार पोचलंय, ते कुणाला कधी उपयोगी पडेल, हे मी ठरवणारा कोण?

आईने कार्यक्रम तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा बघताना मध्येच थांबून तिने विचारलं की आजोबांचं असं काही राहिलं नाही का रे. नाही राहिलं. मिस पाउन्सफर्डची मान शंभर वर्षांपूर्वी कशी वळत होती ते मला बघता येतं, माझ्या आजोबांची नाही.

तेव्हा मित्रांनो, घरी कुणाच्या लग्नाची, मुंजीची किंवा टीव्हीवरून उतरवलेल्या कार्यक्रमाची जुनी कॅसेट असेल आणि ती आता चालत नसेल, तर कृपया फेकू नका. कोरड्या जागी, कपाटात, नाव लिहून ठेवा. आज चालत नाही म्हणजे कधीच चालणार नाही असं नसतं.

पुढच्या लेखात व्हीएचएस कॅसेट पीसीवर कशी उतरवायची ते पाहू. भेटू लवकरच!